बिऱ्हाड हलवताना

नवी ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्यांदा सुरू झाली की मी तिच्यात एकच शब्द टाइप करून पाहतो: बिऱ्हाड. वेलांटी ‘ब’च्या डावीकडे नीट बसते का, हे त्यात कळतं. मुख्य म्हणजे तो कोयत्यासारखा वळलेला अर्धा ‘र’ उमटतो, की त्याऐवजी ‘ह’च्या डोक्यावर रफार चढतो, हे कळतं. हा अर्धा र हिंदीला लागत नाही. मराठीला पावलोपावली लागतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचं सांगायचं. हा फरक ज्या यंत्रावर लिहिता येत नाही, ते मराठी माणसाच्या अर्ध्याच कामाचं. रंग, चित्रं, खिडक्यांची उघडझाप हे सगळं नंतर पाहता येतं.

आमच्या घरी ही परीक्षा घ्यायची वेळ आली ती आईच्या लॅपटॉपमुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा देणं थांबवलं. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना आणखी वर्षभराची सवलत मिळाली, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सगळे प्रोसेसर तिच्या यादीबाहेर राहतात. आईचा लॅपटॉप सातव्या पिढीचा. पडदा स्वच्छ, कीबोर्डचं एकही बटण सैल नाही, रॅम ८ जीबी. ‘अरे, पण यात बिघडलंय काय?’ तिने विचारलं. बिघडलं काहीच नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती त्याच्यावर रोज काहीतरी लिहिते, आणि पुढची चार-पाच वर्षं तो सहज चालेल अशी त्याची तब्येत आहे. म्हणून त्याच्यावर लिनक्स मिंट बसवलं. पुढचे दोन महिने तिच्या शेजारी बसून जे दिसलं, अडलं, सुटलं ते मी एका वहीत लिहीत गेलो. हे प्रकरण बरंचसं त्या वहीतून आलं आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामध्ये उभं राहणारं सॉफ्टवेअर. बटण दाबलं तर ते अक्षर कोणत्या खिडकीत जायचं, फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, एकाच वेळी चालू असलेल्या वीस प्रोग्रॅमांना प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, हे ती ठरवते. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. लिनक्स हे खरं तर फक्त एका कर्नलचं नाव. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण छंद म्हणून असं काही लिहितो आहोत, हे जाहीर केलं. त्याभोवती लागणारी साधनं रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८३ सालच्या ग्नू प्रकल्पातून आधीच तयार होत होती. दोन्ही एकत्र आली आणि कुणालाही वापरता, पाहता, बदलता येईल अशी पूर्ण व्यवस्था उभी राहिली.

१९९१ हे साल मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. भारतीय मानक ब्यूरोचं इस्की हे भारतीय लिप्यांचं मानकही त्याच वर्षीचं. लिनक्सवर मराठी लिहिणं आज सोपं आहे ते या तीन गोष्टींमुळे, आणि त्या तिन्ही एकाच वर्षातल्या.

लिनक्स म्हणजे काहीतरी परकं, अभियंत्यांचं, अशी भीती असेल तर एवढं लक्षात घ्यावं की ते बहुतेकांच्या खिशात आहेच. अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचंच कर्नल असतं. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. पुण्याला पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली सुरू झालेला ‘प्रत्यूष’ हा महासंगणकही लिनक्सवरच चालणारा. पावसाचे अंदाज बांधायला तो घेतला होता. पेरणी कधी करायची याचा विचार करणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत लिनक्स असं कधीच पोचलेलं आहे.

नुसत्या कर्नलवर मात्र घरकाम होत नाही. त्याच्याभोवती खिडक्या, मेनू, फाइल उघडण्याची सोय, ब्राउझर अशी सगळी मांडामांड करून देणाऱ्या संचाला डिस्ट्रिब्यूशन, किंवा बोलताना डिस्ट्रो, म्हणतात. डेबियन १९९३ चं, त्याच्यावर उभं राहिलेलं उबुंटू २००४ चं, आणि उबुंटूवर उभं राहिलेलं मिंट २००६ चं. उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे तिची जन्मतारीख: २४.०४ म्हणजे २०२४ सालचा एप्रिल. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीला पाच वर्षं सुधारणा मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. नवख्याने मधल्या आवृत्तीच्या वाटेला जाऊ नये. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर बेतलेलं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत सुधारणा मिळतील. आईसाठी मी ते निवडलं त्याचं आणखी एक कारण म्हणजे त्याची मांडणी. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. इतकी वर्षं डोळ्यांना जी जागा माहीत आहे, तिथेच त्या वस्तू. जाणकार लोक दहा डिस्ट्रोंची नावं सांगतात आणि प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं असतं. तरी पहिले सहा महिने एकीतच राहावं. दर आठवड्याला नवं बिऱ्हाड केलं तर कुठल्याच घरातली दिव्याची बटणं अंधारात सापडत नाहीत.

लिनक्सची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे घर घेण्याआधी त्यात राहून पाहता येतं. सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर खास साधनाने लिहायची. नुसती कॉपी करून चालत नाही. मग लॅपटॉप सुरू होतानाच एफ१२, एफ२ किंवा एस्केप यांपैकी जे बटण त्या यंत्राला लागू असेल ते दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. डिस्कला हात न लावता सगळी सिस्टिम समोर उभी राहते. थोडी संथ चालते, आणि बंद केली की केलेले बदल पुसले जातात, पण अंदाज येतो.

हा अंदाज घाईने घेऊ नये. त्या एका संध्याकाळी वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, हे सगळं पाहून घ्यावं. लॅपटॉपचं झाकण मिटावं, पाच मिनिटांनी उघडावं आणि तो जागा होतो का ते पाहावं. झोपेतून उठताना अडखळणारा लॅपटॉप रोजच्या वापरात फार त्रास देतो, आणि हे पहिल्या तासाभरात कुणाच्या लक्षात येत नाही. प्रिंटर जोडून एक पान छापून पाहावं. गेल्या काही वर्षांतले बरेच प्रिंटर वेगळं काही न बसवता ओळखले जातात. जुन्या लेसर प्रिंटरांपैकी काही अजिबात दाद देत नाहीत. वायफाय लागलं नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला द्यावं, आणि ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून हवा तो ड्रायव्हर उतरवून घ्यावा. आमचं अडलेलं काम या एका युक्तीने दहा मिनिटांत सुटलं.

पुढचं पाऊल टाकण्याआधी सगळ्या फायलींच्या दोन प्रती हव्यात, आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी हव्यात. हे मी कळकळीने सांगतो आहे. डिस्कचे भाग पाडताना एक चुकीची खूण झाली तर वीस वर्षांचे फोटो जातात, आणि ते परत आणून देणारं कुणी नसतं. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवणार असाल तर आणखी दोन गोष्टी. बऱ्याच लॅपटॉपांत बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद केलेली असते. तिची लांबलचक रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. आणि विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपलेलं राहतं, आणि लिनक्समधून त्या भागातल्या फायली फार तर वाचता येतात, बदलता येत नाहीत.

दोन्ही सिस्टिमी शेजारी नांदवणाऱ्याला एक चमत्कार दिसू शकतो. लिनक्स वापरून विंडोजमध्ये परत गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं असतं. घड्याळाची बॅटरी गेली असं समजून लोक दुकान गाठतात. कारण साधं आहे. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ लिहून ठेवतं आणि दाखवताना त्यात भारताचे साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळातली वेळ स्थानिक आहे असं धरून चालतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत पाळायला सांगितली की प्रश्न मिटतो, आणि लिनक्सला ते सांगायला एक ओळीची आज्ञा पुरते.

आईचा पहिला प्रश्न होता, ‘सी ड्राइव्ह कुठे गेला?’

मला वाटतं, विंडोजमधून येणाऱ्या माणसाला बसणारा पहिला खरा धक्का हाच असतो. तिथे सी, डी, ई अशी वेगवेगळी कपाटं असतात. इथे एकच झाड आहे. त्याच्या मुळाला नावच नाही, फक्त एक तिरपी रेघ. सगळ्या फांद्या तिथून निघतात. पेनड्राइव्ह लावला तर तोही त्या झाडाची नवी फांदी होतो. यातली ‘होम’ नावाची फांदी आपली. तिच्यात आपल्या नावाचा फोल्डर, त्यात कागदपत्रं, चित्रं, संगीत आणि आपल्या आवडीनिवडींच्या लहानसहान फायली. या शेवटच्या फायलींची नावं टिंबाने सुरू होतात म्हणून त्या एरवी दिसत नाहीत. कंट्रोल धरून एच दाबलं की दिसतात. म्हणजे होम फोल्डर उचलला की आपलं सगळं बिऱ्हाड उचललं. बाकीच्या झाडाला हात लावायचा तर पासवर्ड द्यावा लागतो. आईने दोन दिवसांनी स्वतःच त्याचा अर्थ लावला: ‘म्हणजे माझी खोली माझी, जिना आणि गच्ची सोसायटीची.’ मी तेव्हापासून हेच उदाहरण सगळ्यांना देतो.

फायलींच्या नावांत इंग्रजी अक्षर मोठं की लहान, याला इथे महत्त्व आहे. एकाच फोल्डरमध्ये मोठ्या अक्षराने सुरू होणारी आणि लहान अक्षराने सुरू होणारी अशा एकाच नावाच्या दोन वेगळ्या फायली राहू शकतात. मराठीत मोठी-लहान लिपी नसल्यामुळे मराठी नावं देणाऱ्याला ही अडचण येणार नाही असं मी समजत होतो. तसं नाही हे पुढे कळलं.

पहिला आठवडा चिडचिडीचा जातो. तो सगळ्यांचा जातो, आणि त्याचा हुशारीशी संबंध नाही. डोकं नवी जागा दहा मिनिटांत शिकतं, पण बोटांना पंधरा दिवस लागतात. आईचा हात सवयीने जुन्या जागी जायचा, तिथे भलतंच काही उघडायचं, आणि ती म्हणायची, ‘मला नाही जमायचं रे हे.’ मी तिला एवढंच सुचवलं की पंधरा दिवस मत बनवायचं नाही, फक्त अडलेलं लिहून ठेवायचं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी यादीतल्या बहुतेक ओळी तिने स्वतःच खोडल्या होत्या.

यादीत नव्याने आलेल्या गोष्टीही होत्या, कारण काही सवयी इथे आल्यावरच लागतात. माऊसने मजकूर नुसता निवडायचा आणि दुसरीकडे जाऊन मधलं चाक दाबायचं. तो तिथे उमटतो, कॉपी-पेस्ट न करता. मिंटच्या फाइल-खिडकीत एफ३ दाबलं की तिचे दोन भाग होतात आणि एका फोल्डरमधून दुसऱ्यात फायली ओढता येतात. फोटो लावताना आईला याचा इतका उपयोग झाला की ती आता एक भाग असलेली खिडकी वापरतच नाही. खालची पट्टी गोठल्यासारखी झाली तर कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकत्र दाबावं. मांडणी नव्याने सुरू होते, उघडलेल्या फायली तशाच राहतात. आणि काहीही नवं बसवण्याआधी ‘टाइमशिफ्ट’ चालू करावं. सिस्टिमचं एक चित्र ते बाजूला काढून ठेवतं, आणि पुढे काही फिस्कटलं तर त्या दिवसापर्यंत मागे नेतं. आपल्या कागदपत्रांची काळजी मात्र ते सहसा घेत नाही. त्यांच्या प्रती वेगळ्याच ठेवाव्या लागतात.

सॉफ्टवेअर बसवण्याची रीतही वेगळी आहे. विंडोजवर आपण एखादी साइट शोधतो, फाइल उतरवतो आणि पुढे-पुढे दाबत जातो. इथे बहुतेक सगळं एकाच भांडारातून येतं आणि त्या भांडाराची राखण डिस्ट्रोची माणसं करतात. फोनवर ॲप घेतो तसंच. फायदा असा की कोपऱ्यातल्या ढालीच्या चिन्हावर ठिपका दिसला की ब्राउझरपासून कर्नलपर्यंत सगळ्यांच्या सुधारणा एकदम होतात. आठवड्यातून एकदा, चहा टाकून, ते करावं.

लिनक्सला व्हायरस लागत नाही, असं छातीठोक सांगणारे भेटतात. तसं समजू नये. २०२४ सालच्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या, सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या साधनात कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचं उघड झालं. तो सापडला कसा? अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या यंत्रात लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले. बहुतेक पक्क्या आवृत्त्यांपर्यंत ती भेसळ पोचण्याआधीच पकडली गेली. सगळा आराखडा उघडा असतो म्हणून असा शोध घेता येतो, हे मला आश्वासक वाटतं. पण उघड्या घरालाही राखण लागते.

टर्मिनल, म्हणजे ती आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी, पहिल्या महिन्यात उघडलीच पाहिजे असं नाही. उघडलीत तर तीन गोष्टी सांभाळाव्यात. पासवर्ड टाइप करताना काही डिस्ट्रोंत पडद्यावर टिंबंसुद्धा दिसत नाहीत. बटणं बिघडलेली नसतात, आपण लिहीत राहायचं आणि एंटर दाबायचं. तिथे कंट्रोल आणि सी यांचा अर्थ ‘चाललेलं काम थांबव’ असा आहे, म्हणून कॉपी करताना शिफ्टही धरावं लागतं. आणि अर्थ न कळलेली आज्ञा कुठून तरी उचलून तिथे चिकटवायची नाही, विशेषतः ‘सुडो’ने सुरू होणारी, कारण त्या शब्दाने आपण जिना आणि गच्चीच्याही किल्ल्या देऊन टाकतो.

आता मराठी. यंत्रावर मराठी दिसायला काही करावं लागत नाही, देवनागरी फाँट आलेलेच असतात. हवे तर मुंबईच्या एक टाइप संस्थेचे मुक्त आणि बलू हे मोकळ्या परवान्याचे सुंदर फाँट उतरवून होममधल्या फाँटांच्या फोल्डरात ठेवता येतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे असतात हे अनेकांना खटकतं. काही फाँटांत ही दोन्ही वळणं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नेमली की आपलं वळण उमटतं. लिब्रेऑफिसमध्ये ते एकदा करून ठेवावं.

लिहायला मात्र थोडी तयारी लागते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट मिळतं. अधिक पर्याय हवे असतील तर आयबस आणि त्याला जोडून एम१७एन हा संच भांडारातून घ्यायचा, एकदा लॉगआउट होऊन परत यायचं, आणि यादीतून मराठी निवडायची. मग सुपर, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण, आणि स्पेस यांनी इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. लॉगआउट करायला विसरल्यामुळे ‘मराठी येतच नाही’ असं म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत.

या यादीत इंग्रजी उच्चारावरून लिहायच्या पद्धती आहेत, पण फोनसारखा अंदाज बांधून शब्द सुचवणारं तिथे कुणी नाही. ‘त’ला लहान टी आणि ‘ट’ला मोठी टी, असं नेमकेपणाने लिहावं लागतं. ज्यांना मराठीत पानंच्या पानं लिहायची आहेत त्यांना मी एकच सल्ला देतो: इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. त्याची रचना आपल्या वर्णमालेला धरून आहे. स्वरांच्या खुणा डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळे शब्द लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात. ‘क’ ज्या बटणावर, त्याच बटणावर शिफ्ट धरून ‘ख’. ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’, ‘प’वर ‘फ’. ‘ल’वर शिफ्ट धरला की ‘ळ’. वेलांटी अक्षरानंतर, म्हणजे आपण बोलतो त्या क्रमाने. टायपिंगच्या क्लासात जुन्या यंत्रावर शिकलेल्यांना ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची सवय असते, त्यांना हे जड जातं. बाकीच्यांना रोजची वीस मिनिटं आणि तीन आठवडे पुरतात. आईने छापलेला तक्ता पडद्याच्या कडेला चिकटवला होता. चौथ्या आठवड्यात तो गळून पडला आणि तिने परत लावला नाही.

कार्यालयीन कागदांचं म्हणाल तर लिब्रेऑफिस आधीच बसवलेलं असतं आणि वर्डच्या फायली उघडतं. उघडल्यावर ओळी सरकलेल्या दिसल्या तर घाबरू नये. बहुतेक वेळा कारण फाँटचं असतं: मायक्रोसॉफ्टचे फाँट इथे नसतात. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलाडिया हे मोकळे फाँट असले की ओळी पुन्हा जागच्या जागी येतात. ज्याच्याकडे फक्त वाचायला पाठवायचं, त्याला पीडीएफ पाठवावी.

सगळ्यांनीच लिनक्सवर यावं असं मी म्हणणार नाही. माझा दादा छोट्या दुकानदारांचे हिशेब पाहतो. त्याचं काम टॅलीवर, आणि टॅलीप्राइम विंडोजसाठी बनतं. त्याच्याकडे डिजिटल सहीची टोकनं असतात. त्यांचे ड्रायव्हर आणि ती सही मागणाऱ्या साइट यांचा लिनक्सवर मेळ बसेलच असं नाही. मॅक्रो भरलेल्या एक्सेलच्या सरकारी फायली लिब्रेऑफिसमध्ये भरवशाने चालत नाहीत. ‘दादा, तू आहेस तिथेच राहा,’ असं मी त्याला सांगितलं आणि ते मनापासून सांगितलं. ज्याचं काम ब्राउझर, लेखन, फोटो, गाणी, बँक आणि व्हिडिओ कॉल एवढ्यात सामावतं, त्याने मात्र धाकधूक बाळगू नये.

आईच्या लॅपटॉपवर एक काम राहिलं होतं. तिचं सगळ्यात जुनं लेखन, युनिकोड रुळण्याआधीचं, एका जुन्या फाँटमध्ये होतं. त्या काळच्या फाँटांत संगणक आत इंग्रजी अक्षरंच साठवायचा आणि फाँट त्यांच्या जागी मराठी आकार काढायचा. फाँट नाही म्हणजे मराठी नाही. नव्या सिस्टिमवर त्या फायली उघडल्या तेव्हा पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली, आणि आई गप्प झाली. तो फाँट तिच्या जुन्या सीडीत सापडला. होममधल्या फाँटांच्या फोल्डरात टाकल्यावर मजकूर परत दिसू लागला. पण तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. रूपांतराचं साधन वापरून एकेक फाइल आम्ही युनिकोडमध्ये आणली आणि मूळ फायलीही जपून ठेवल्या. तुमच्याकडे असं लेखन असेल तर सिस्टिम बदलण्याची वाट पाहू नका. जुनं यंत्र चालू आहे तोवर, फाँट शाबूत आहे तोवर हे करून घ्या.

आईच्या लेखनात एक मालिका आहे. लग्नानंतर बाबांच्या बदल्यांबरोबर जिथे जिथे संसार मांडला त्या घरांच्या आठवणी. प्रत्येक फाइलच्या नावात गाव आणि ‘बिऱ्हाड’ हा शब्द. सगळं झाल्यावर तिने शोधाच्या चौकटीत बिऱ्हाड लिहिलं, आणि सातांपैकी चारच फायली आल्या. उरलेल्या तीन फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर दिसत होत्या. नावं तीच, अक्षरं तीच.

दोन तास गेल्यावर उलगडा झाला. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे एक न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या साधनांनी लिहिल्यामुळे आईच्या फायलींत दोन्ही आले होते, आणि लिनक्स फायलींची नावं आतल्या आकड्यांवरून पारखतं, दिसण्यावरून नाही. त्याच्या लेखी ती दोन वेगळी बिऱ्हाडं होती. मजकुरातले शब्द लिब्रेऑफिसच्या शोधा-बदला या सोयीने एका झटक्यात सारखे झाले.

फायलींच्या नावांसाठी मी काहीतरी युक्ती शोधत होतो, तोवर आईने खुर्ची पुढे ओढली होती. तीन नावं तिने एकेक करून नव्याने लिहिली: वाय, एफ, शिफ्ट धरून जे, मग डी, यू, ई, आणि शेवटी चौकटी कंसाचं बटण.